देवळातल्या उत्सवात गंगावतरण: नदी दाखवायची कशी?

राजापूर तालुक्यातल्या एका गावात भरतनाट्यमचा छोटा वर्ग चालवणाऱ्या शिक्षिकेचा हा प्रश्न आहे. महाशिवरात्रीच्या उत्सवात गावच्या शंकराच्या देवळात त्यांना गंगावतरण सादर करायचं आहे. नऊ ते सोळा वर्षांच्या १४ मुली, २५ मिनिटं, आणि साथीला रेकॉर्ड केलेलं संस्कृत गंगास्तोत्र. तालमीत सगळं ‘नुसते हात हलवल्यासारखं’ दिसतं, आणि बघायला बसलेली घरची माणसं विचारतात, ‘हे काय चाललंय?’ म्हणून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. नदी नेमकी दाखवायची कशी? निळं कापड वापरावं का? आणि मराठी शब्द घेतले तर भरतनाट्यम बिघडेल का?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातच गेली ३२ वर्षं भरतनाट्यम शिकवते आहे. गंगावतरण मी पाच वेळा बसवलं आणि दर वेळी वेगळं झालं, त्यामुळे तुमची अडचण मला ओळखीची आहे.

तुमच्या मुलींचे हात चुकत नाहीयेत. पताक हस्त, म्हणजे बोटं जुळवून सरळ धरलेला तळवा, नदीसाठी आहेच. अभिनयदर्पण या जुन्या नृत्यग्रंथात पताकाचे जे विनियोग, म्हणजे उपयोग, सांगितलेत त्यांत नदीही आहे आणि तरंगही. अडचण अशी आहे की चौदाच्या चौदा मुली पाणी झाल्या आहेत आणि त्या पाण्यापुढे उभं राहायला कोणी उरलेलंच नाही. ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’ आपण पहिल्या वर्षापासून पाठ करून घेतो. हात जिथे जातो तिथे नजर, नजर जाते तिथे मन. नुसत्या लाटा करणाऱ्या मुलीची नजर कुठे असते बघा. समोर, प्रेक्षकांवर. पाणी तिला दिसतच नाही, मग बघणाऱ्याला कुठून दिसणार?

गंगावतरण ही मुळात वाट बघण्याची गोष्ट आहे. सगराच्या अश्वमेधाचा घोडा इंद्राने पळवला आणि कपिलमुनींच्या आश्रमात नेऊन ठेवला. सगराची ६०,००० मुलं पृथ्वी खणत तिथे पोचली, मुनींवर चोरीचा आळ घेतला आणि जागच्या जागी राख झाली. शोधायला गेलेल्या अंशुमानाला गरुडाने सांगितलं की या राखेला साधं पाणी चालायचं नाही, गंगाच आणावी लागेल. अंशुमानाचा जन्म त्यात गेला. दिलीपाचाही गेला. ते ओझं मग भगीरथाच्या खांद्यावर आलं. म्हणजे पाणी यायच्या आधी कितीतरी पिढ्या नुसती राख आहे आणि तिच्याकडे बघणारी माणसं आहेत. तुमच्या २५ मिनिटांत गंगा तिसऱ्या मिनिटाला येते. इतक्या लवकर आलेल्या पाण्याची कोणाला तहान असणार?

मुलींना हे शब्दांत सांगून कळत नाही. मी काय करते ते सांगते. आपल्याकडे जुन्या घरांच्या देवघरात अजून गंगेचा गडू असतो. घरातलं कोणी काशीला जाऊन आलं की मावंदं घालायचं, गंगापूजन करायचं आणि तोंड बंद केलेला तांब्याचा गडू देवाजवळ ठेवून द्यायचा. तो एरवी उघडत नाहीत. घरातल्या माणसाच्या शेवटच्या घोटासाठी तो असतो. माझ्या माहेरचा गडू पस्तीस वर्षं तसाच होता. पूजेच्या वेळी रोज पुसायचा आणि परत जागेवर ठेवायचा. आजीच्या वेळी वडिलांनी तो फोडला तेव्हा त्यांचा अंगठा झाकणावर किती वेळ थांबला होता, ते मला आजही दिसतं. कोकणातल्या मुलीला गंगा नदी म्हणून ठाऊक नसते. तिला हा गडू ठाऊक असतो. वर्गात एकीच्या घरून मागून घ्या, मध्ये ठेवा आणि मुलींना पाच मिनिटं त्याच्याभोवती काही न बोलता बसवा. मग विचारा, हा कोणासाठी ठेवलाय? त्यानंतर भगीरथ शिकवायला घ्या.

तुम्ही तर राजापूरच्या. उन्हाळे गावची गंगा तुमच्या पायाशी आहे. १४ कुंडं, मूळगंगा, काशीकुंड, आणि पाणी येईल तेव्हा येणार, जाईल तेव्हा जाणार. पूर्वी दर तीन वर्षांनी येते म्हणत, हल्ली तो नेम राहिलेला नाही. पण शब्द बघा: आपण ‘पाणी आलं’ म्हणत नाही, ‘गंगा आली’ म्हणतो. माहेरवाशीण यावी तसं. बातमी फुटली की माणसं गाड्या करून निघतात.

अशीच एकदा गंगा आली असताना मी आईला घेऊन गेले होते. गर्दी होती. काशीकुंडाच्या कडेला सह्याद्रीच्या घाटावरून आलेला एक म्हातारा उभा होता, हातात पितळेचा तांब्या. माणसं त्याला ओलांडून पुढे जात होती. तो मात्र लगेच वाकला नाही. सगळा भार टाचांवर, गुडघे किंचित मोकळे, तांब्याचा हात छातीशी आणि मान पुढे. म्हणजे शरीर मागे आणि डोळे पुढे. मग त्याने आधी पायरीला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला, आणि त्यानंतर तांब्या खाली नेला. पाणी तांब्यात शिरताना त्याचे ओठ हलत होते. कदाचित सात नद्यांची नावं घेत असेल, आपण अंघोळीला ‘गंगे च यमुने चैव’ म्हणतो तशी.

तो भगीरथ होता. घरी येऊन मी आरशासमोर त्याची उभं राहण्याची तऱ्हा कितीतरी वेळा करून पाहिली. नाचणाऱ्याच्या अंगाला पुढे झेपावायची सवय असते. भार टाचेवर ठेवून नजर पुढे नेणं फार अवघड जातं. पण ती ओढ आणि तो संकोच एकाच शरीरात आले की पुढे पाणी आहे हे हात न हलवताही कळतं. तुमच्यातली जी मुलगी सगळ्यात स्थिर उभी राहू शकते तिला भगीरथ द्या. सगळ्यात चपळ मुलगी त्यासाठी घेऊ नका.

भगीरथाच्या तपासाठी वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात नाचणाऱ्याला आयतं साहित्य आहे. तो गोकर्णात तप करतो असं तिथे म्हटलंय. हे गोकर्ण हिमालयातलं मानतात तसं आपल्या किनाऱ्यावरचंही मानतात. तुमच्या गावकऱ्यांना निवेदनात ‘गोकर्ण’ म्हटल्याबरोबर महाबळेश्वराचं देऊळ आठवणार, आठवू द्या. वर केलेले हात, चार बाजूंना अग्नी आणि डोक्यावर सूर्य, महिन्यातून एकदा अन्न. आणि पुढे शंकरासाठी वर्षभर पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभं राहणं. महाबलीपुरमच्या पल्लवकालीन प्रचंड शिल्पपटात एका पायावर, हात डोक्यावर उचलून उभा असलेला तपस्वी आहे, त्याचं चित्र मुलींना दाखवा. बरगड्या दिसतात त्याच्या. त्या तपस्व्याला कोणी अर्जुन म्हणतं, कोणी भगीरथ. आपल्याला त्या वादात शिरायचं कारण नाही, शरीर महत्त्वाचं.

तपाला जती, म्हणजे जलद बोलांचे तुकडे, लावू नका. मिश्रचापू ताल ठेवा, त किट त क धि मि, सात मात्रांची ती थोडी अडखळती चाल वाट बघणाऱ्याला शोभते. एका आवर्तनात भगीरथाने एकच गोष्ट करायची. पहिल्यात फक्त डाव्या पायावर भार. दुसऱ्यात उजवा पाय उचलणं. तिसऱ्यात हात डोक्यावर, अंजली. चौथ्यात काहीच नाही. त्या चौथ्या आवर्तनाला तुम्हाला भीती वाटेल, लोक कंटाळतील असं वाटेल. ते काढू नका. तिथेच देऊळ शांत होतं.

आणि शंकराला विनवणी करायची वेळ येईल तेव्हा भगीरथाला दक्षिणी पद्धतीची साचेबंद प्रार्थना देऊ नका. तुमच्या गावात गाऱ्हाणं घालतात ना? गुरव किंवा मानकरी देवापुढे उभा राहतो, नारळ हातात, ‘बा देवा महाराजा’ म्हणून सुरुवात करतो, आणि एकेक अडचण मांडली की मागे उभी असलेली सगळी माणसं ‘व्हय महाराजा’ म्हणतात. तो माणूस भीक मागत नसतो. हक्काने सांगत असतो आणि तरी वाकलेला असतो. एक हात मोकळा, बोट जमिनीकडे, नजर गाभाऱ्यात. भगीरथ असाच उभा राहू दे. मागच्या मुलींनी दर मागणीनंतर एकदम, एकाच तट्टावर, पाय आपटायचा आणि मान लववायची. शब्द न उच्चारताही सगळं देऊळ मनात ‘व्हय महाराजा’ म्हणेल. मी हे केलं तेव्हा मागच्या रांगेतली दोन माणसं खरोखर तोंडाने म्हणाली होती.

आता मराठीचा प्रश्न. बिघडणार तर नाहीच. भरतनाट्यमच्या आजच्या मार्गमचा, म्हणजे कार्यक्रमातल्या नृत्यांच्या ठरलेल्या क्रमाचा, घाट ज्या तंजावरच्या दरबारात बसला तो दरबार मराठ्यांचा होता. तो बसवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ तिथलेच, आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) नृत्यासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे कथा गुंफलेल्या नृत्यरचना, लिहिली. नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी ती शोधून, अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली. तेव्हा मराठी शब्द ही आपल्या नाचातली उसनी आणलेली गोष्ट नाही. मुलींच्या पालकांपैकी कोणी शंका काढली तर हे खुशाल सांगा.

स्तोत्र पूर्ण काढून टाका असं मी म्हणत नाही. सुरुवातीला दोन श्लोक राहू देत, त्यांवर पुष्पांजली करा. पण गाभा मराठीत हवा आणि शब्द थोडे हवेत. गावातली माणसं ‘काय चाललंय’ विचारतात त्याचं एक कारण असं की दर ओळीला पाच हस्त येतात आणि एकही डोळ्यात ठरत नाही. माझ्या तिसऱ्या गंगावतरणासाठी मी एक ओवी लिहिली होती. तुम्हाला हवी तर घ्या:

वरून येशील माये, पाऊल जपून टाक
खाली साठ सहस्रांची उघडी पडली राख

एवढ्या दोन ओळींवर सहा मिनिटं सहज उभी राहतात. ‘वरून’ म्हणजे कुठून? पहिल्यांदा नजर आभाळाकडे. दुसऱ्यांदा विष्णूच्या पायाकडे, कारण ती विष्णुपदी. तिसऱ्यांदा हिमालयाच्या शिखराकडे. ‘पाऊल’ शब्दाला मुलीने स्वतःचं पाऊल उचलून दाखवायचं, पण टेकवायचं मात्र नाही, हवेत धरायचं आणि मग लहान बाळाजवळून जाताना टाकतो तसं टाकायचं. ‘राख’ला बोटांतून काहीतरी घसरतं, मुठीत धरलेलं मुठीत राहत नाही. मुष्टी, मग हळूहळू उघडत जाणारी बोटं, आणि शेवटी रिकामा तळवा. त्या रिकाम्या तळव्याकडे भगीरथाने एक पूर्ण आवर्तन बघायचं. हे एकदा नीट झालं की पुढे पाणी आलं तेव्हा बघणाऱ्याला आपोआप कळतं की ते कोणत्या तळव्यावर पडणार आहे.

साथीसाठी तुमच्या गावच्या भजनी मंडळाकडे जा. पखवाजवाला बुवा मिश्रचापू हे नाव कदाचित घेणार नाही, पण सात मात्रा तुम्ही टाळीवर धरून दाखवल्यात तर एका बैठकीत हातात बसवेल. पेटी आहे, झांज आहे, गळा आहे. रेकॉर्डिंगवर मुलगी गाण्याच्या मागे धावते. समोर माणूस वाजवत असेल तर तिला थांबता येतं, आणि या विषयात थांबता येणं फार मोलाचं. मला स्वतःला हे उशिरा कळलं.

आता प्रत्यक्ष अवतरण. इथे मी सगळ्यात जास्त चुकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दोन्ही वेळी मी गंगा तिसऱ्या काळात, म्हणजे सगळ्यात जलद लयीत, आणली होती. झंझावात, चक्री, सरुक्कलची घसरती पावलं, केस मोकळे. टाळ्या पडल्या. चौथ्या वेळी, २०२२ साली, माझ्या गटात चिपळूणची एक मुलगी होती. गंगा तिला दिली होती आणि ती प्रत्येक तालमीत त्याच जागी अडायची. पाऊल विसरायची म्हणावं तर बाकी सगळं पाठ. शेवटी एकदा तीच बोलली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ती घरात होती. ती म्हणाली, ‘ताई, पाणी असं नाही येत.’ मग कसं येतं, मी विचारलं. ती खाली बसली आणि जमिनीवर तळहात पालथा ठेवून दाराच्या फटीतून पाणी आत शिरतं तसा सरकवला. अगदी हळू, आवाज नाही. मग तीच उठून उभी राहिली आणि तिने फक्त पावलांकडे बघितलं. मग घोट्यांकडे. मग गुडघ्यांकडे. हात तिने वापरलेच नाहीत. नजर वर चढत गेली आणि श्वास आखूड होत गेला. वर्गातल्या सगळ्या जणी भिंतीला टेकल्या होत्या.

तिला विचारूनच आम्ही ते नृत्यात घेतलं. जोर दाखवायला वेग लागतोच असं नाही. तुमच्या मुलींपैकीही कोणी असं काही पाहिलेलं असेल, अर्जुना आणि कोदवलीचं पाणी राजापूरच्या बाजारपेठेत शिरतं हे काही नवं नाही. पण कोणाला मुद्दाम खोदून विचारू नका. आपणहून सांगितलं तरच.

गंगालहरीची आख्यायिका मुलींना सांगा, ती इथे कामाला येते. जगन्नाथ पंडित घाटाच्या वरच्या पायरीवर बसून एकेक श्लोक म्हणतो आणि दर श्लोकाला गंगा एक पायरी वर चढते, ५२ पायऱ्या. कोसळणारी गंगा आणि चढणारी गंगा अशा दोन्ही हालचाली तुमच्याजवळ असल्या की नाचाला उंची-खोली येते. ज्येष्ठातल्या दशहऱ्यात अजून काही घरांत आणि देवळांत गंगालहरी म्हणतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना ती खूण लगेच पटेल.

मग शंकर. जमलं तर मुलींना घेऊन एकदा घारापुरीला जा. सोमवार सोडून कुठलाही दिवस, गेटवेवरून लाँच. मुख्य लेण्यातल्या त्रिमुखी सदाशिवासमोर उभं राहिलं की आपल्या उजव्या हाताला गंगाधराचा पट आहे, सहाव्या शतकातला. बहुतेक लोक सदाशिवाचे फोटो काढून मागे वळतात. तुम्ही तिथे अर्धा तास बसा. वर, शंकराच्या डोक्यापाशी, तीन मुखांची गंगा आहे, हात तुटलेली. पायाशी भगीरथ. आणि शेजारी पार्वती, तिचं अंग शंकरापासून किंचित कललेलं. एवढं मोठं आकाश खाली येतंय आणि शंकराच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही. आपण नेमके इथेच चुकतो. गंगा झेलणारा शंकर आपण मल्लासारखा दाखवतो, दात-ओठ खाऊन, अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसून, जोर लावून. त्या पटातल्या शंकराने जोर लावलेलाच नाही. मुलीला सांगा, डाव्या हाताने मृगशीर्ष मुद्रा, उजव्याने त्रिपताक, मान सरळ, पापणी अर्धी, आणि श्वास सोडायचा. घ्यायचा नाही, सोडायचा. गंगा वरून येते तेव्हा शंकर श्वास सोडतो, एवढ्या एका गोष्टीने त्याचं सामर्थ्य कळतं.

पार्वतीचा तो कललेला देह घेऊन सवतीमत्सराची संचारी, म्हणजे तो प्रसंग अभिनयाने फुलवून, करायचा मोह होईल, पदांमध्ये ती असतेही. मुली लहान आहेत, मी सोडून देईन.

गंगा जटेत शिरली की पखवाज थांबवा. वाल्मीकी म्हणतात ती तिथे कितीतरी वर्षं भटकत राहिली, तिला बाहेर पडायला वाट सापडेना. नुसता तंबोरा चालू दे. गंगा झालेली मुलगी शंकराच्या मागे जाते, दिसेनाशी होते, आणि भगीरथ पुन्हा एकटा. पुन्हा रिकामा तळवा. आलेलं पाणी परत गेलं! उन्हाळे गावच्या गंगेजवळ राहणाऱ्या माणसांना हे सांगायलाही लागणार नाही.

यानंतर शंकर तिला सोडतो ते बिंदुसरोवरात. नावातच थेंब आहे. आणि थेंब तुमच्या गाभाऱ्यात रोज पडतो. पिंडीवर टांगलेली गळती बघा. तांब्याचं भांडं, तळाला भोक, त्यातून दर्भ किंवा वात, आणि एक थेंब जमतो, लांबतो, सुटतो. एक दिवस संध्याकाळी देवळात कोणी नसताना मुलींना गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर बसवून तो थेंब सुटेपर्यंत बघायला लावा. थेंब लगेच पडत नाही. आधी जड होतो. शंकर झालेल्या मुलीने जटेजवळचा हात हंसास्यात आणायचा, म्हणजे अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवायची, मनगट जड होऊ द्यायचं, आणि बोटं अलगद उघडायची. पखवाजवाल्याने तिथे फक्त एक ‘धीं’ द्यायचा. मग मोजून चार मात्रा रिकाम्या. मग दुसरा. उत्सवात त्याच देवापुढे, त्या गळतीच्या समोर हे होणार आहे. लोकांची नजर मुलीच्या बोटावरून गाभाऱ्यात जाईल आणि परत येईल. त्याहून अधिक काय हवं?

थेंबातून मग धारा. सात धारा झाल्या असं रामायणात आहे, तीन पूर्वेला, तीन पश्चिमेला आणि सातवी भगीरथाच्या मागे. तुमच्याकडे मुली आहेत, सहा जणी दोन्ही बाजूंना जाऊ देत आणि एकच भगीरथाच्या पाठीमागून. इथे वेग येऊ दे, नाट्टडवूची पावलं, तीन-तीनची तिस्र जाती, मुलींना नाचायचं असतं आणि त्यांनी मनसोक्त नाचावं. भगीरथाने मात्र मागे वळून वळून बघायचं. येतेय ना?

जन्हूचा प्रसंग दोन मिनिटांत उरका किंवा गाळा. गंगेने यज्ञभूमी बुडवली, त्याने ती पिऊन टाकली, मग कानातून सोडली आणि ती जान्हवी झाली. मुलांना गंमत वाटते, पण २५ मिनिटांत तो तिसरा अडथळा होतो आणि शंकराच्या शांततेचा परिणाम जातो. खरं तर २५ मिनिटंही मला जास्त वाटतात. १८ ठेवा.

निळं कापड नको. मी एकदा वापरलं आहे. दोन मुली दोन टोकं धरून हलवत होत्या, रंग सुंदर दिसत होता, आणि भगीरथ झालेल्या मुलीने त्या दिवशी पाण्याकडे एकदाही बघितलं नाही, कारण पाणी दाखवायचं काम कापड करत होतं. शिवाय उघड्या सभामंडपात संध्याकाळचं खारं वारं सुटलं की कापड वाऱ्याचं ऐकतं, तुमचं नाही.

लहान मुलींचं काय करायचं ते सांगते. नऊ-दहा वर्षांच्यांना सगरपुत्र करा. सुरुवातीला तट्टडवूवर, म्हणजे पाय आपटण्याच्या पावलांवर, जमीन खणत येऊ देत, घोडा शोधू देत, गोंगाट करू देत. कपिलमुनींनी डोळे उघडले की सगळ्या एकदम खाली, कपाळ जमिनीला. आणि तिथून हळूच सरकत दोन्ही बाजूंना खांबांशी जाऊन बसू देत, पाठमोऱ्या, डोक्यावर राखाडी उपरणं. बारा मिनिटं लहान मूल मधोमध निपचित राहू शकत नाही, तो अट्टहास नको. शेवटी परत यायच्या.

शेवट असा. भगीरथ त्यांच्यामध्ये उभा. तर्पणाला सर्पशीर्ष, म्हणजे बोटांची टोकं किंचित वाकवलेला हात. अभिनयदर्पणात सर्पशीर्षाचा विनियोग प्रोक्षणाला आणि उदकदानाला सांगितलाच आहे, त्यामुळे हस्त आणि कृती इथे एकच होतात. त्याआधी पुष्पपुटात, म्हणजे ओंजळीत, पाणी घ्यायचं, तो रिकामा तळवा आता भरलेला, आणि त्याचं वजन मनगटाला जाणवलं पाहिजे. एकेकीच्या डोक्यावर पाणी पडतं, ती उपरणं बाजूला सारते, मान वर करते आणि उठते. एकदम नाही, एकेक. भगीरथ मात्र त्यांच्याकडे बघत नाही, त्याची नजर ओंजळीतल्या पाण्यावर. सगळ्या उठल्या की त्या समुद्राच्या दिशेने चालू लागतात. सगराच्या मुलांनी खणला म्हणून तो सागर, आणि गंगा शेवटी तिथेच जाते. किनाऱ्याजवळच्या देवळात गाज ऐकू येते. तुमच्या गावात येत असेल तर त्या वेळी पेटी आणि तंबोरा दोन्ही थांबवा. येत नसेल तर नुसती दिशा पुरे, पश्चिम सगळ्यांना ठाऊक असते. यानंतर कार्यक्रमाच्या शेवटी असतो तो वेगवान तिल्लाना जोडू नका.

काही गोष्टी देवळाच्या. मुलींनी गाभाऱ्याकडे पाठ करून नाचायचं नाही हे गावातले जुने लोक बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे. प्रेक्षकांना दोन्ही बाजूंना बसवा आणि नाच देवाच्या समोर, आडव्या अंगाने रचा. मग भगीरथाची विनवणी सरळ गाभाऱ्याकडे जाते आणि लोकांना त्या मुलीचा चेहरा एका बाजूने दिसतो, तेवढा पुरतो. अंगणात जांभ्याचे चिरे असतील तर तिथे नाचवू नका, तळवे सोलतात. जाड सतरंजीवर पाय घसरतो. शहाबादी फरशी चांगली, पण महाशिवरात्रीला दिवसभर अभिषेक चालतो आणि दूध-पाणी सभामंडपापर्यंत येतं. एका उत्सवात माझी एक मुलगी अशाच ओल्या फरशीवर पडली आणि तिचं मनगट मोडलं. त्या दिवशी फरशी मी स्वतः पुसून घ्यायला हवी होती. तेव्हापासून मी दोन कोरडी गोणपाटं आणि एक माणूस त्याच कामाला ठेवते.

शेवटची तालीम त्याच सभामंडपात, त्याच वेळेला, दिवे लागल्यावर घ्या. आणि गुरवांना आधी भेटून विचारा की पालखी किती वाजता उठते आणि गळती रात्री चालू ठेवतात की काढतात. काढत असतील तर त्या रात्रीपुरती चालू ठेवायची विनंती करा.